केळकर संग्रहालयात ज्येष्ठांच्या नियमित भेटी: किती वस्तू, किती वेळ, आणि उपयोग मोजायचा कसा?

पर्वतीपायथा (प्रश्न)

नमस्कार मंडळी. आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाने महिन्यातून एक सकाळ पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात घालवायचं ठरवलं आहे. ही सहल नाही. एकटे राहणारे सभासद घराबाहेर पडावेत, चार माणसांशी बोलावेत, आणि ज्यांची स्मृती क्षीण होत चालली आहे त्यांनाही त्यात मानाने भाग घेता यावा, एवढाच हेतू आहे.

नावं २४ जणांनी दिली आहेत, वयं ६६ ते ८४. चौघांना स्मृतिभ्रंशाचं निदान झालं आहे, दोघं सुरुवातीच्या टप्प्यात आणि दोघं मधल्या. एक बाई चाकाच्या खुर्चीवर, नऊ जणांना मधुमेह, पाच जणांना श्रवणयंत्र. एका वेळी किती जण न्यावेत? सगळी दालनं दाखवायची की मोजकीच? आपण माहिती सांगायची की त्यांना बोलतं करायचं? आणि वर्षाअखेर देणगीदारांना "याने फरक पडला" असं कशाच्या आधारावर सांगायचं?

व्यवसायोपचार_मिरज

पहिलं म्हणजे २४ जण एकदम नेऊ नका. आठ-आठचे तीन गट करा. स्मृतिभ्रंश असलेल्या प्रत्येकासोबत एक ओळखीचं माणूस हवं, आणि ते दर वेळी तेच हवं. चौघांना एका गटात कोंबू नका. दोन गटांत दोघं-दोघं घाला, म्हणजे तो गट "आजाऱ्यांचा" होत नाही.

दुसरं, महिन्यातून एकदा हे अंतर फार आहे. दर वेळी जागेची आणि माणसांची ओळख पहिल्यापासून करावी लागते. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजने २०१४ ते २०१७ या काळात एकाकी ज्येष्ठांसाठी संग्रहालयांमध्ये जो उपक्रम केला, त्यात आठवड्याला एक अशा दहा बैठका होत्या. तुम्हीही एका गटाला सलग आठ ते दहा आठवडे न्या, तोच वार, तीच वेळ, मग दुसरा गट. वर्षभरात तिन्ही गट बसतात.

एका भेटीला दीड तास पुरे. पहिली १५ मिनिटं पोचणं, पाणी, स्वच्छतागृह. मग ५० मिनिटं दालनात. उरलेला वेळ बाहेर बसून चहा. हा चहा कापू नका, निम्मं बोलणं तिथेच होतं.

दालनातल्या ५० मिनिटांत फक्त चार वस्तू. हो, चारच. केळकर संग्रहालयाचा संग्रह २० हजारांच्या पुढे आहे आणि "आलोच आहोत तर सगळं बघू" हा मोह मोठा असतो, पण त्यातच भेट बिघडते. बोस्टनच्या संग्रहालयातल्या बेंजामिन गिलमन यांनी १९१६ मध्येच फोटो काढून दाखवलं होतं की वाकून, मान वळवून, खालच्या कपाटात डोकावून माणूस फार थकतो. साठीनंतरच्या मानेला आणि कंबरेला हे दुपटीने लागू. म्हणून घडीची स्टुलं न्या, वस्तूसमोर अर्धवर्तुळात बसा, एका वस्तूला १० ते १२ मिनिटं द्या.

क्रम असा ठेवा: सुरुवातीला हमखास ओळखीची वस्तू (अडकित्ता, पानदान, वज्री), मग लांबून दिसणारी मोठी (कोरीव दार), मग थोडं कोडं घालणारी (जुनं कुलूप), आणि शेवटी वाद्य. वाद्यापाशी कुणीतरी गुणगुणायला लागतं आणि बोलणं आटलेल्या माणसालाही त्यात सामील होता येतं.

आता बोलायचं काय. "हे काय आहे सांगा बरं" आणि "आठवतंय का?" ही दोन वाक्यं पूर्ण बंद. ती परीक्षा होते आणि उत्तर न आलेला माणूस पुढचा तासभर गप्प बसतो. नाव आपणच सांगून टाकायचं आणि विचारायचं ते करण्याबद्दल: "हा अडकित्ता. सुपारी यात कशी धरत असतील?" उत्तर हातांनी येतं. वस्तूचं नाव विसरलेली बाई रवी कशी घुसळायची ते अचूक करून दाखवते, कारण हातवळणाची स्मृती नावांच्या स्मृतीपेक्षा बरीच उशिरा जाते. त्या हाताकडे सगळ्यांचं लक्ष वेधा.

संग्रहालयातल्या वस्तूंना हात लावता येणार नाही, म्हणून सोबत स्वतःची पेटी हवी: फिरकीचा तांब्या, फुंकणी, मापटं, टाक-दौत, पाटी, कवड्या, कुंची, वाळ्याची जुडी, कापूर. एक वस्तू अर्ध्या किलोच्या आतली असावी, सांधेदुखीच्या मनगटाला त्याहून जड नको. एका वेळी एकच वस्तू फिरवा. दोन फिरल्या की लक्ष फाटतं. पितळ चिंच लावून घासा. बाजारच्या पॉलिशचा वास हाताला राहतो आणि काहींना मळमळतं.

दालनदर्शक

मिरजकरांच्या बहुतेक म्हणण्याशी सहमत, एका गोष्टीशी नाही. ती शेवटी सांगते. आधी जागेबद्दल.

पहिल्या भेटीच्या आठवडाभर आधी, त्याच वारी आणि त्याच वेळी, दोघांनी रिकामी चाकाची खुर्ची घेऊन फिरून या. खुर्ची साधारण ६५ सेंटिमीटर रुंद असते, वळणासकट दार किमान ८० सेंटिमीटर लागतं. टेप घेऊन मोजा. उंबरठे आणि एखाददुसरी पायरी नोंदवा. हलता उतार न्यायचा असेल तर १ ला १२ हे प्रमाण, म्हणजे १५ सेंटिमीटरच्या पायरीला १८० सेंटिमीटर लांबीची फळी. त्याहून तोकडी फळी लावली की ढकलणारा घसरतो आणि खुर्ची मागे येते. इमारत बहुमजली आहे. जिने चढायचेच नाहीत असं ठरवून चारही वस्तू एकाच मजल्यावरच्या निवडा. तळमजल्यावर जमलं तर उत्तम. कुणालाही "तुम्ही खाली बसा, आम्ही वर जाऊन येतो" असं म्हणायची वेळ येऊ नये.

प्रत्येक वस्तूसमोर स्टुलावर बसून बघा. बसलेल्या माणसाचे डोळे जमिनीपासून ११० ते १२० सेंटिमीटरवर असतात, आणि उभ्याने स्वच्छ दिसणारं कपाट तिथून नुसतं दिव्याचं प्रतिबिंब दाखवतं. असं झालं तर वस्तू बदला, माणसं हलवू नका. चकचकीत फरशी स्मृतिभ्रंशात ओली वाटते, काळं पायपुसणं खड्ड्यासारखं दिसतं, आणि माणूस दारातच थबकतो. ओढू नका. सोबत्याने आधी त्यावर पाय ठेवून दाखवावा. पुरुषभर उंचीचे पुतळे आणि आरसे यांच्याजवळ बसू नका. मस्तानी महालाच्या दालनात प्रकाश एकदम बदलतो का तेही बघून घ्या. डोळे सरावायला वयानुसार वेळ लागतो, तेवढा वेळ दारात थांबा.

आवाजाचं गणित वेगळं. श्रवणयंत्र बोलण्याबरोबर पंख्याची घरघरही वाढवतं. पंख्याखाली बसू नका, बोलणाऱ्याने खिडकीकडे पाठ करू नये (ओठ दिसत नाहीत), ध्वनिक्षेपक तर नकोच. शाळांच्या सहली कोणत्या वारी येतात ते कार्यालयात विचारा. डिसेंबर-जानेवारीत रोजच गर्दी असते, तेव्हा पहिला गट सुरू करू नका.

परवानगीचं पत्र तीन-चार आठवडे आधी द्या. त्यात माणसं किती, स्टुलं किती, कोणत्या कपाटासमोर किती वेळ, चाकाची खुर्ची, आणि "वस्तूंना स्पर्श करणार नाही, दालनात खाणार-पिणार नाही" हे स्पष्ट लिहा. पेटीतल्या वस्तूंची यादी जोडा आणि आत जाताना व बाहेर येताना दाखवा. नाहीतर तुमचाच तांब्या बाहेर नेताना पहारेकरी अडवेल, आणि त्याचं बरोबरच असेल.

आता मतभेद. नुसतं "काय वाटतं" विचारत राहिलात तर निवृत्त शिक्षक, अभियंते, बँकेतले लोक कंटाळतात, काहींना ते लहान मुलांसारखं वाटतं. प्रत्येक वस्तूला एक ठोस माहिती द्या, पण शेवटी, बोलून झाल्यावर. आणि बोलतं करण्यासाठी शाळांमधल्या चित्रवाचनात वापरतात ते तीन प्रश्न इथेही चालतात: इथे काय चाललंय? कशावरून तसं वाटलं? अजून काय दिसतंय? दुसरा प्रश्न सगळ्यांत कामाचा. त्याने नजर पुन्हा वस्तूकडे जाते.

व्यवसायोपचार_मिरज

@दालनदर्शक, माहिती शेवटी हे मान्य. "कशावरून तसं वाटलं?" मात्र मधल्या टप्प्यातल्या दोघांना विचारू नका. कारण सांगता न आल्याने ते ओशाळतात. त्यांना दोन पर्याय द्यावेत: "हे घरातलं वाटतं की देवळातलं?"

आणि एक सावधगिरी. संग्रहालयाचं नाव दिनकर केळकरांच्या अकाली गेलेल्या मुलाचं आहे, हे सांगताना गटात कोण आहे ते बघा. अपत्य गमावलेलं कुणी असेल तर पहिल्याच भेटीत ते नको. त्याऐवजी केळकर 'अज्ञातवासी' नावाने कविता लिहीत आणि संग्रह जमवण्यात पत्नी कमलाबाईंची साथ होती, इथून सुरुवात करा. पुढे कुणी "राजा कोण?" असं विचारलं तर खरं सांगा. डोळ्यांत पाणी आलं तर विषय घाईने बदलू नका. शेजारी बसा, पाणी द्या, बोलू द्या.

वृद्धवैद्यक

तब्येतीच्या बाजूने थोडं, कारण भेट बहुधा इथेच फसते.

वेळ सकाळी साडेदहाची ठेवा. स्मृतिभ्रंशात दुपार उलटली की अस्वस्थता वाढते. न्याहारी झालेलीच हवी. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणारा माणूस "तिथे चहा आहेच" म्हणून उपाशी आला तर साडेअकराला घाम आणि थरथर सुरू होते. ग्लुकोमीटर सोबत ठेवा. साखर ७० च्या खाली आली तर तीन चहाचे चमचे साखर (सुमारे १५ ग्रॅम) पाण्यात, १५ मिनिटांनी पुन्हा तपासणी, कमीच असेल तर परत तेवढीच. बिस्किटाने साखर सावकाश चढते, पहिला उपाय म्हणून ते नको. शुद्ध हरपत असेल तर तोंडात काहीही घालू नका, रुग्णवाहिका बोलवा.

लघवी वाढवणारी गोळी सकाळी घेतलेली असते आणि स्वच्छतागृह लांब असेल या भीतीने लोक एकतर गोळी टाळतात किंवा पाणी पीत नाहीत. दोन्ही धोक्याचं. त्या दिवसापुरती वेळ बदलता येईल का हे ज्याच्या-त्याच्या डॉक्टरांना विचारायला सांगा, आणि ४५ मिनिटांनी सगळ्यांसाठीच थांबा घ्या, म्हणजे कुणा एकाला उठायचा संकोच होत नाही.

दहा-बारा मिनिटं बसून एकदम उठलं की रक्तदाब उतरतो आणि चक्कर येते. प्रत्येक वस्तूनंतर आधी बसल्या जागी घोटे दहादा वरखाली, मग उठणं, मग स्टूल किंवा हात धरून मिनिटभर उभं राहणं, मग पाऊल. घडीच्या स्टुलाला पाठ नसते. ज्यांचा तोल जातो त्यांना खुर्चीच हवी. मागून बंद असलेली चप्पल किंवा बूट, गुळगुळीत तळव्याची स्लिपर नको. मधुमेहाने पायाची संवेदना गेलेल्यांनी कुठेही अनवाणी चालू नये.

त्या दिवशी कुणाला आणू नये: ताप, छातीत दुखणं, गेल्या दोन दिवसांत पडलेले, आणि ज्यांचा गोंधळ *अचानक* वाढला आहे असे. अचानक वाढलेला गोंधळ म्हणजे नेहमीचा स्मृतिभ्रंश समजून सोडू नका. लघवीचा संसर्ग, क्षार कमी होणं, नवीन औषध, काहीही असू शकतं. डॉक्टरांकडे न्या.

आणि संग्रहालय म्हणजे नैराश्यावरचा उपचार नाही. उपचाराच्या जोडीला ते चांगलं, त्याच्या जागी नाही. चहाच्या वेळी कुणी जगण्याचा कंटाळा आल्याचं बोललं तर हसून टाळू नका, सरळ विचारा, एकटं सोडू नका, त्याच दिवशी घरच्यांना आणि डॉक्टरांना कळवा. सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक सोबत्यांना देऊन ठेवा.

पर्वतीपायथा

फार मोलाची माहिती, सगळ्यांचे आभार. तीन गट आणि दहा आठवडे, हे आज कार्यकारिणीत मांडतो. मोजण्याचा प्रश्न राहिला. शिवाय एका सभासदाच्या मुलाचं म्हणणं आहे, "बाबांना संध्याकाळपर्यंत आठवणारसुद्धा नाही, मग नेऊन काय उपयोग?" त्यांना काय सांगावं?

मोजमाप

आधी काय सांगू *नये* ते. २०१९ च्या डिसेंबरात ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक अभ्यास आला होता. इंग्लंडमधल्या पन्नाशीपुढच्या ६,७१० लोकांवर १४ वर्षं लक्ष ठेवलं. संग्रहालय, प्रदर्शन, नाटक, संगीताचा कार्यक्रम यांना दर काही महिन्यांनी किंवा त्याहून जास्त वेळा जाणाऱ्यांत मृत्यूचा धोका ३१ टक्के कमी दिसला, वर्षातून एकदोनदा जाणाऱ्यांत १४ टक्के. हा आकडा देणगीदारांच्या पत्रकात टाकायचा मोह होईल. टाकू नका. तो निरीक्षणाचा अभ्यास आहे. संशोधकांनी उत्पन्न, आजार, हालचाल वगैरे हिशेबात धरूनही संबंध उरला, पण "नेलं म्हणून जगले" असं त्यातून सिद्ध होत नाही. लंडनच्या नोकरदारांचाही एक अभ्यास आहे, जेवणाच्या सुट्टीत कलादालनात जाऊन आल्यावर लाळेतलं ताणाचं संप्रेरक उतरलं असा. पण त्यात जेमतेम २८ माणसं होती. मॉन्ट्रियलमध्ये २०१८ पासून डॉक्टर संग्रहालयभेटीची चिठ्ठी लिहून देऊ लागले, हे उदाहरण म्हणून सांगा, पुरावा म्हणून नाही.

तुम्हाला दोन वेगळी मापं लागतील, आणि गोंधळ इथेच होतो.

दहा आठवड्यांच्या आधी आणि नंतर: जागतिक आरोग्य संघटनेची पाच वाक्यांची स्वास्थ्य-प्रश्नावली. प्रत्येक वाक्याला ० ते ५ गुण, बेरजेला चारने गुणायचं, म्हणजे ० ते १००. त्यात *गेल्या दोन आठवड्यांबद्दल* विचारलेलं असतं, त्यामुळे ती भेटीच्या आधी-नंतर एकाच सकाळी भरून घेणं निरर्थक आहे. बेरीज (गुणण्याआधीची) १३ च्या खाली असेल तर त्या व्यक्तीला डॉक्टरांची भेट सुचवा. ही माहिती गुप्त ठेवा, फलकावर लावू नका.

एका भेटीच्या आधी आणि नंतर: कागदावर १० सेंटिमीटरच्या पाच आडव्या रेघा. टोकांना उदास–आनंदी, बरं नाही–बरं आहे, कंटाळा–उत्सुकता, बिचकलेपण–आत्मविश्वास, निराश–आशावादी. इंग्लंडमधल्या कँटरबरीची मोजपट्टी याच धाटणीची आहे आणि स्मृतिभ्रंश असलेल्यांच्या कलाबैठकांत ती वापरली गेली आहे. आत्ता कसं वाटतंय तिथे खूण करायची, मिलिमीटर म्हणजे गुण. छापताना "पानात बसवा" हा पर्याय बंद करा, नाहीतर रेघ साडेनऊ सेंटिमीटरची होते आणि सगळे गुण चुकतात. शाई जाड, रेघ काळी, कागद मऊ पिवळसर.

मधल्या टप्प्यातल्या दोघांसाठी कागद नको. एका सोबत्याने दर पाच मिनिटांनी फक्त खुणा करायच्या: वस्तूकडे बघतात का, बोलले का, हसले का, अस्वस्थ आहेत का, डुलकी लागली का. निरीक्षक तोच ठेवा.

तीन गट असल्याचा एक मोठा फायदा घ्या. पहिला गट जात असताना दुसरा थांबलेला असतो, त्यांच्याकडूनही त्याच दिवशी पाच वाक्यांचा कागद भरून घ्या. न जाता त्यांचे गुण तितकेच वाढले तर ते ऋतूचं किंवा सणाचं देणं आहे, संग्रहालयाचं नाही. आणि आठ माणसांवर टक्केवारी काढू नका. "आठपैकी पाच जणांचे गुण वाढले, दोघांचे तेवढेच राहिले, एकाचे उतरले" असं लिहा.

त्या मुलाला एवढंच सांगा: प्रसंग विसरला तरी त्याने आलेली मनाची अवस्था त्यापुढेही टिकू शकते. दुःखाबाबत आणि आनंदाबाबत, दोन्ही बाबतींत स्मृतिभ्रंश असलेल्यांत हे तपासलं गेलं आहे. आणि न टिकली तरी ती ५० मिनिटं त्यांचीच असतात. आपण जेवणाची आठवण राहणार नाही म्हणून जेवायला घालणं थांबवत नाही. एकदा सोबती म्हणून त्यालाच बोलवा.

बाणावलीहून

पेटीबद्दल एक भर. जे घराबाहेर पडू शकत नाहीत त्यांच्याकडे हीच पेटी नेता येते. संग्रहालयातल्या चार वस्तूंचे मोठे फोटो (कार्यालयाच्या परवानगीने काढलेले) आणि त्यांच्याशी नातं असलेली एकेक हातात धरायची वस्तू, अर्धा तास. अंथरुणावरच्या माणसाला फोटो डोळ्यांसमोर हातभर अंतरावर, छातीच्या उंचीला धरा. उशाकडून वाकून दाखवलेला फोटो त्याला उलटा दिसतो.

शेतकरी किंवा कारागीर ज्येष्ठ असतील तर दरबारी वस्तूंपेक्षा अवजारं जास्त बोलकी ठरतात. आमच्या बाणावलीचं गोवा चित्रा त्यासाठीच चांगलं: नांगर, घाणा, मापं, सगळं जुन्या शेतीघरातलं. मुंबईकरांना भाऊ दाजी लाड संग्रहालयातल्या धंद्यांच्या आणि पागोट्यांच्या मातीच्या प्रतिकृती. औंधला चित्रं उत्तम आहेत, राजा रविवर्म्याची मूळ चित्रं तिथे बघायला मिळतात, पण संग्रहालय टेकडीवर आहे, गाडी दारापर्यंत नेण्याची सोय आधी विचारूनच जा.

पर्वतीपायथा

पेटीत अडकित्ता आणि सागरगोटे घालायचे म्हणतो. चालेल?

व्यवसायोपचार_मिरज

अडकित्ता चालेल, पण पात्याची धार बोथट करून आणि दांडे सुती दोऱ्याने बांधून. बोट चिमटायला एक क्षण लागतो. सागरगोटे सुरुवातीच्या टप्प्यातल्यांसाठी ठीक. मधल्या टप्प्यातल्या दोघांच्या हातात देऊ नका, सुपारी समजून तोंडात जातात. त्यांना सारीपाटाच्या मोठ्या लाकडी सोंगट्या द्या. दर भेटीनंतर पेटीतल्या वस्तू मोजून यादीवर खूण करा, आणि मोजणी पूर्ण झाल्याशिवाय चहाच्या टेबलावरून कुणाला उठू देऊ नका.